कृतिशाळेंतील सुरक्षितता व अधिकाराच्या पायऱ्या



गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या देशांतील विद्यापीठांतून व तंत्रमहाविद्यालयांतून एका नव्या प्रकारची खोली दिसूं लागली आहे. तिला प्रयोगशाळा म्हणावें, तर तेथें नेमून दिलेले प्रयोग नाहींत. कारखाना म्हणावें, तर तेथें विक्रीसाठीं माल तयार होत नाहीं. वर्ग म्हणावा, तर फळा व बांकें यांचें तेथें फारसें प्रयोजन नाहीं. एका भिंतीवर हातोडे, करवती व कानशी टांगलेल्या असतात. दुसऱ्या बाजूस प्लॅस्टिकचा तंतु वितळवून थरावर थर देत वस्तु घडविणारा थ्रीडी प्रिंटर चालू असतो. पलीकडे प्रकाशकिरणानें लांकूड कापणारें लेझरयंत्र असतें, आणि एखाद्या कोपऱ्यांत लेथ व भोंकें पाडण्याचें ड्रिलयंत्र असतें. विद्यार्थ्यानें आपल्या मनांतील कल्पना घेऊन यावें व ती स्वतःच्या हातांनीं वस्तुरूपास आणावी, हा या खोलीचा हेतु. तिला मेकरस्पेस असें म्हणतात. आजच्या भाषणापुरतें मी तिला कृतिशाळा म्हणेन.

या कल्पनेचा एक जुना व नामांकित नमुना आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील पाबळ या गांवीं १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम काढला. खेड्यांतील मुलांनीं लोहारकाम, सुतारकाम, विजेचें काम व शेती हीं प्रत्यक्ष करीत करीत विज्ञान शिकावें, हा त्यांचा मार्ग. २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेच्या साहाय्यानें तेथें फॅब लॅब निघाली. अमेरिकेबाहेर निघालेल्या अगदीं पहिल्या अशा शाळांत तिची गणना होते. मुंबईस पवईच्या आय.आय.टी.मध्यें टिंकरर्स लॅब नांवाची विद्यार्थ्यांची कृतिशाळा आहे. आणि २०१६ पासून केंद्र सरकारच्या नीति आयोगानें इयत्ता ६ वी ते १२ वीच्या मुलांसाठीं अटल टिंकरिंग लॅब उघडण्यास आरंभ केला. एका शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, त्यांपैकीं निम्में उभारणीसाठीं व निम्में पुढील चालू खर्चासाठीं, अशी ती योजना आहे. अशा सुमारें १०,००० खोल्या झाल्या, आणि २०२५ च्या अंदाजपत्रकांत पुढील पांच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी ५०,००० उघडण्याचें जाहीर झालें. म्हणजे आमच्या नांदुऱ्याहून आगगाडीनें शेगांवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणारा मुलगा असो, कीं गांवांतल्याच शाळेंत सातवींत बसणारी मुलगी असो, यंत्राशीं गांठ पडण्याचा प्रसंग आतां पुष्कळांच्या घरीं येणार आहे.

यंत्र आलें कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, कीं त्याला हात कोणीं लावावा? या प्रश्नाचीं दोन उत्तरें आपल्याकडे सर्रास दिलीं जातात, आणि माझ्या मतें तीं दोन्ही चुकीचीं आहेत. पहिलें उत्तर कुलुपाचें. मोडेल, भाजेल, कोणी बोट कापून घेईल, मग जबाबदार कोण, या भीतीनें यंत्र खोक्यांतच ठेवावयाचें आणि पाहुणे आले म्हणजे तेवढें झांकण काढून दाखवावयाचें. मला माहीत असलेल्या एका शाळेंत असा एक प्रिंटर वर्षाहून अधिक काळ कापडाखालीं झांकलेला होता. त्याच्यावर रोज हात फिरत असे तो केवळ धूळ पुसणाऱ्या शिपायाचा. दुसरें उत्तर मोकळिकेचें. मुलें हुषार आहेत, शिकतील आपोआप, असें म्हणून दार सताड उघडें टाकावयाचें. पहिल्या उत्तरानें पैसा व उमेद वायां जाते. दुसऱ्यानें कधीं ना कधीं कोणाचें तरी बोट, डोळा किंवा जीव जातो. जगांतील चांगल्या कृतिशाळांनीं या दोहोंच्या मधला मार्ग शोधून काढला आहे. तो म्हणजे पायऱ्यांचा. जितकें शिक्षण, तितका अधिकार; आणि तो अधिकार सरसकट नव्हे, तर त्या त्या यंत्रापुरता.

ही व्यवस्था नीट कळावयाची, तर यंत्राचा धोका कशांत असतो तें आधीं पाहिलें पाहिजे. आपण समजतों कीं धोका निष्काळजी माणसाला असतो. मी सावध आहें, मला कांहीं होणार नाहीं. थोडा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहूं. लेथ मिनिटाला ६०० फेरे घेतो असें धरा, म्हणजे सेकंदाला १० फेरे. कांहीं तरी चुकलें हें डोळ्यांनीं पाहून हात मागें घेण्यास चपळ माणसालासुद्धां सुमारें पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधींत यंत्राचे अडीच फेरे होऊन जातात. लेथवर लावलेला लोखंडी दांडा ४ सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर त्याचा परिघ साडेबारा सेंटिमीटरांहून किंचित् अधिक भरतो. अडीच फेऱ्यांत त्याच्यावर ३१ सेंटिमीटर, म्हणजे एक फूटभर, कापड गुंडाळलें जातें. सदऱ्याच्या सैल बाहीचें टोंक त्यांत अडकलें, तर ‘अरे’ म्हणावयाच्या आंत मनगटापासून कोपरापर्यंतची बाही यंत्रानें ओढून घेतलेली असते. ड्रिलयंत्र मिनिटाला १५०० फेऱ्यांनीं चालत असेल, तर हा वेग अडीचपट होतो. येथें माणसाचें चापल्य कामास येत नाहीं. कामास येतें तें आधींच केलेलें वर्तन: बाही दुमडलेली असणें, केस बांधलेले असणें, अंगठी व घड्याळ काढून ठेवलेलें असणें. सावधपणा यंत्र सुरू करण्यापूर्वींच दाखवावयाचा असतो. म्हणूनच शिक्षण आधीं आणि अधिकार मागून.

दुसरी गोष्ट अशी, कीं सुरक्षिततेचा एकच एक मंत्र सर्व यंत्रांना लागू पडत नाहीं. हातमोज्यांचेंच उदाहरण घ्या. वेल्डिंग करतांना चामड्याचे हातमोजे घातलेच पाहिजेत, कारण तापलेल्या धातूचे कण उडतात व त्या झगझगाटाचे अदृश्य किरणहि कातडी भाजतात. पण तोच मुलगा ते हातमोजे तसेच ठेवून लेथजवळ किंवा ड्रिलयंत्राजवळ गेला, तर जो मोजा तेथें त्याचें रक्षण करीत होता तोच येथें त्याचा हात आंत ओढून नेईल. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे वर्ज्य होत. तीच गोष्ट लेझरयंत्राची. ॲक्रिलिकचा पत्रा व पी.व्ही.सी.चा पत्रा हे दोन्ही दिसावयास प्लॅस्टिकच. ॲक्रिलिक त्या यंत्रांत रीतसर कापलें जातें. परंतु पी.व्ही.सी. तापलें कीं त्यांतून हायड्रोजन क्लोराइड हा वायु निघतो. तो घशाला व फुप्फुसाला जाळतो, आणि यंत्राचे धातूचे भागहि गंजवून टाकतो. हें नुसत्या डोळ्यांनीं कळत नाहीं, सांगावें लागतें. सबब, ‘मी वेल्डिंग शिकलों आहें’ यावरून ‘मी लेथ चालवूं शकतों’ असें अनुमान काढतां येत नाहीं. अधिकार यंत्रागणिक वेगळा कां, याचें उत्तर हें आहे.

आतां या पायऱ्या कशा असतात तें पाहूं. प्रत्येक ठिकाणचीं नांवें निराळीं असतात. कोठें हिरवा, पिवळा व तांबडा असे रंग, कोठें एक, दोन, तीन असे आंकडे. पण मांडणी साधारणतः एकच.

पहिली पायरी परिचयाची. तासाभराचें हें शिक्षण खोलींत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकास बंधनकारक असतें, मग तो प्राध्यापक कां असेना. विजेचें मुख्य बटण कोठें आहे, आग विझविण्याचें साधन कोणतें व तें कसें चालवावें, प्रथमोपचाराची पेटी कोठें, बाहेर पडण्याची वाट कोणती, हें त्यांत दाखवितात. विजेच्या आगीवर पाणी ओतूं नये, ही साधी गोष्टहि पुष्कळ सुशिक्षितांस ऐन वेळीं आठवत नाहीं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा व पायांत पूर्ण झांकणारे बूट हा खोलींतील पोषाख होय. चपला घालून आलेल्यास परत पाठवितात, आणि तें योग्यच आहे. हातांतून निसटलेली पटाशी कोणत्या पायावर पडावयाची हें आधीं सांगत नाहीं.

दुसरी पायरी हातांच्या अवजारांची व सौम्य यंत्रांची. करवत, कानस, स्क्रू पिळण्याचें साधन, शिवणयंत्र, टांका देण्याचें सोल्डरिंग आयर्न व थ्रीडी प्रिंटर हीं या पायरीवर येतात. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पाणी १०० अंशांवर उकळतें. प्रिंटरचें तोंड सुमारें २०० अंशांपर्यंत तापतें आणि सोल्डरिंग आयर्नचें टोंक ३०० अंशांच्याहि पलीकडे जातें. परंतु येथील चूक बहुधा एका फोडावर निभावते. म्हणून थोड्या शिक्षणानंतर विद्यार्थ्यास येथें स्वतंत्रपणें काम करूं देतात.

तिसऱ्या पायरीवर लेझरयंत्र व ड्रिलयंत्र यांसारखीं यंत्रें येतात. येथें प्रत्येक यंत्राचें वेगळें शिक्षण व वेगळी परीक्षा असते. लेझरयंत्राचें झांकण उघडलें कीं किरण आपोआप बंद व्हावा अशी त्यांत योजना असते. ती योजना फसवून यंत्र चालविणें हा मोठा गुन्हा मानतात. शिवाय कापणें चालू असतांना यंत्र सोडून चहास जावयाचें नाहीं, कारण लांकूड व ॲक्रिलिक दोन्ही पेट घेऊं शकतात. ड्रिलयंत्राचा नियम असा, कीं ज्या तुकड्याला भोंक पाडावयाचें तो हातानें धरावयाचा नाहीं, वाइसमध्यें किंवा क्लॅम्पनें आवळावयाचा. ड्रिल अडकलें तर धातूचा पत्रा पंख्याच्या पात्यासारखा गरकन फिरतो.

चौथी पायरी लेथ, मिलिंगयंत्र, चक्राकार करवत, ग्राइंडर व वेल्डिंग यांची. येथील चूक भरून येत नाहीं. म्हणून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरहि जाणता देखरेख करणारा खोलींत हजर असल्याशिवाय या यंत्रांना हात लावावयाचा नाहीं. लेथचा चक आवळण्याची किल्ली चकमध्येंच राहिली व यंत्र सुरू केलें, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. यास्तव किल्लीवरचा हात काढावयाचा तो किल्ली बाहेर आल्यावरच, अशी संवय हाताला लावितात.

पांचवी व शेवटची पायरी सांभाळणाऱ्यांची. यंत्राचें झांकण उघडणें, पट्टा बदलणें, पातें लावणें हें काम त्यांचेंच. त्यांचा नियम असा, कीं दुरुस्तीपूर्वीं मुख्य बटण बंद करून त्याला स्वतःचें कुलूप घालावयाचें आणि किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवावयाची. दुसऱ्या कोणी न पाहतां बटण दाबलें, असें मग होऊंच शकत नाहीं. कित्येक ठिकाणीं हे सांभाळणारे विद्यार्थीच असतात. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाची इन्व्हेन्शन स्टुडिओ ही कृतिशाळा विद्यार्थ्यांनींच चालविलेली म्हणून प्रसिद्ध आहे. वरच्या वर्गांतील मुलगा खालच्यास शिकवितो, आणि शिकवितां शिकवितां स्वतः पक्का होतो. शिक्षकी पेशांत जन्म काढलेल्या कोणासहि हें निराळें सांगावयास नको.

एका पायरीवरून दुसरीवर जावयाचें तें कशाच्या बळावर? वयाच्या नव्हे, वर्गाच्या नव्हे, वशिल्याच्या तर नव्हेच. आधीं गुरूनें यंत्र चालवून दाखवावयाचें. मग शिष्यानें तेंच गुरूसमोर करून दाखवावयाचें. मग ‘हें असें कां’ याचें उत्तर तोंडीं द्यावयाचें. आणि शेवटीं देखरेखीखालीं एक लहानशी वस्तु आरंभापासून शेवटपर्यंत घडवावयाची. नुसती लेखी प्रश्नपत्रिका येथें पुरत नाहीं. पोहण्यावरचा निबंध उत्तम लिहिणारा मुलगा विहिरींत बुडूं शकतो. परीक्षा उतरल्यावर नांवाची नोंद होते. कांहीं ठिकाणीं तर विद्यार्थ्याच्या कार्डावर ती नोंद असल्याखेरीज यंत्रास वीजच मिळत नाहीं. पुष्कळ दिवस यंत्राला हात लावला नाहीं, तर उजळणी करावी लागते. नियम मोडला तर अधिकार काढून घेतात व पुन्हां शिकावयास लावतात. मात्र अपघात किंवा थोडक्यांत टळलेला अपघात जो स्वतः येऊन सांगतो त्याला शिक्षा करीत नाहींत. त्याची नोंद वहींत करून सर्वांस वाचून दाखवितात. कारण शिक्षेच्या भयानें लपविलेली चूक उद्यां दुसऱ्याच्या हातावर उतरते.

ही पद्धति परदेशांतून आली असें कोणास वाटेल. नांव नवें असेल, पण वस्तु आपल्या ओळखीची आहे. गांवच्या लोहाराच्या भट्टीवर नवा पोरगा आला कीं त्याच्या हातीं पहिल्या दिवशीं घण येत नसे. तो भाता ओढी. विस्तवाचा रंग ओळखूं लागला, म्हणजे मग घण. आणि घणाचा नेम बसला, म्हणजे सांडशी हातीं येऊन ऐरणीसमोर बसावयाचा मान. आपल्या स्वयंपाकघरांतहि मूल आधीं भाजी निवडतें, मग विळीवर बसतें, आणि तळणाच्या कढईशीं त्याला सर्वांत शेवटीं जाऊं देतात. त्या आईच्या मनांत मुलाविषयीं अविश्वास नसतो. उद्यां त्यानें सगळा स्वयंपाक करावा हीच तिची इच्छा असते.

फरक इतकाच, कीं लोहाराच्या भट्टीवर एका गुरूपाशीं एकदोन शिष्य असत, आणि तो डोळ्यांदेखत सर्व पाही. कृतिशाळेंत शेंकडों विद्यार्थी येतात व जातात. तेव्हां गुरूच्या नजरेचें काम नियमांना करावें लागतें. कारखान्यांच्या बाबतींत आपल्या कायद्यानें हें पूर्वींच ओळखलें होतें. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २३ व्या कलमानें असें घालून दिलें, कीं धोक्याच्या यंत्रावर अल्पवयी कामगारास काम देण्यापूर्वीं त्या यंत्राचा धोका व घ्यावयाची काळजी त्याला पूर्णपणें समजावून दिली पाहिजे; आणि त्याशिवाय एक तर त्याला पुरेसें शिक्षण मिळालेलें असावें, किंवा यंत्राची पूर्ण माहिती व अनुभव असलेल्या माणसाची त्याच्यावर देखरेख असावी. २२ व्या कलमानें चालत्या यंत्राजवळ तेलपाणी पाहणाऱ्यास खास शिक्षण व अंगाला घट्ट बसणारे कपडे आवश्यक ठरविले. कृतिशाळेच्या सगळ्या पायऱ्या या दोन कलमांत बीजरूपानें आहेत. शेतकऱ्याच्या खळ्यावर विजेचें व इंजिनाचें मळणीयंत्र आलें आणि हात तुटण्याच्या घटना घडूं लागल्या, तेव्हां १९८३ सालीं धोक्याच्या यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मळणीयंत्रांत पेंढी सोडण्याची नळी लांब व वरून झांकलेली असावी, हा आग्रह त्याच अनुभवांतून आला. हेतु एवढाच, कीं झोंप अनावर झालेल्या मजुराचा हात पुढें गेला, तरी तो पात्यांपर्यंत पोहोंचूं नये.

याच ठिकाणीं एका गोष्टीविषयीं स्पष्ट बोलणें मला अगत्याचें वाटतें. आमचा हा कापसाचा मुलूख. सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने येथील लोकांच्या परिचयाचे आहेत. १९४८ च्या त्याच कायद्यांत, गांठी दाबण्याच्या कारखान्यांत कापूस मोकळा करणारें यंत्र जेथें चालू असेल त्या भागांत बायकांना व मुलांना कामास ठेवूं नये, असें २७ वें कलम होतें. त्या काळीं रक्षणाचा मार्ग म्हणजे दूर ठेवणें, असा विचार होता. कृतिशाळेंत हा विचार पुढें चालवूं नये. लांब केस व ओढणी यांचा धोका खरा आहे, आणि वरचा हिशेब ऐकल्यावर तो कोणी नाकारणार नाहीं. पण त्यावर उपाय केस घट्ट बांधून टोपीखालीं घेणें व ओढणी खुंटीला टांगणें हा होय. मुलीला बाहेर बसविणें हा नव्हे. नियम धोक्याला लावावा, व्यक्तीला लावूं नये. सैल बाहीच्या मुलालाहि तोच नियम, आणि केस बांधलेल्या मुलीला तोच अधिकार.

आतां सर्वांत महत्त्वाच्या नियमाकडे वळतों. तो नियम असा, कीं यंत्रावर एकट्यानें काम करावयाचें नाहीं. एप्रिल २०११ मध्यें अमेरिकेंतील येल या जुन्या व संपन्न विद्यापीठाच्या यंत्रशाळेंत पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्रीं उशिरां लेथवर काम करीत होती. तिचे केस यंत्रांत अडकले व तिचा अंत झाला. त्या वेळीं ती एकटी होती. इमारतींतील इतर विद्यार्थ्यांना ती नंतर आढळली. पदवी हातीं येण्यास कांहीं आठवडेच उरले होते. त्यानंतर विद्यापीठानें पदवीच्या विद्यार्थ्यांना यंत्रशाळा खुली ठेवण्याच्या वेळांवर बंधन घातलें, आणि देखरेखीस माणसें हजर असतील तेव्हांच तीं यंत्रें वापरावींत असें ठरविलें. यांतून घ्यावयाचा धडा असा: कौशल्य कितीहि असो, अडकलेला माणूस स्वतःच्या हातानें बटण बंद करूं शकेलच असें नाहीं. तें दाबावयास दुसरा हात हवा. म्हणून वरच्या पायरीवरच्या निष्णात विद्यार्थ्यालाहि सोबत्याचा नियम सुटत नाहीं. उलट त्याच्या हातीं अधिक धोक्याचीं यंत्रें असल्यामुळें तो त्यालाच अधिक लागू पडतो. परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या आदल्या रात्रीं, ‘एवढें एकच भोंक पाडून टाकतों’ असें म्हणणारा थकलेला विद्यार्थी आणि खळ्यावरचा पेंगुळलेला मजूर यांच्यांत यंत्राला कांहीं भेद दिसत नाहीं.

या व्यवस्थेवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो असा, कीं इतके नियम, इतक्या परीक्षा व इतक्या सह्या यांनीं मुलांची जिज्ञासा मरून जाईल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. जेथें पायऱ्या चढण्याची सोय नसते, शिकविणारा महिन्यांतून एकदां येतो, आणि सह्या केवळ संस्थेची जबाबदारी टाळण्यासाठीं घेतल्या जातात, तेथें पायरी ही पायरी राहत नाहीं. तिची भिंत होते. चांगल्या व्यवस्थेची खूण अशी, कीं नवागत पहिल्याच दिवशीं कांहीं तरी स्वतःच्या हातांनीं बनवून घरीं नेतो. खालची पायरी रुंद व सोपी असावी, वरची अरुंद व कठीण असावी, आणि प्रत्येक पायरीवर हात धरणारा कोणी तरी असावा. असें असलें म्हणजे नियम जिज्ञासेला मारीत नाहींत. ‘याला हात लावूं नकोस’ हें वाक्य मुलाच्या कानीं पडतें तेव्हां त्याचें मन मिटतें. ‘याला हात लावावयाचा तर आधीं हें शीक’ हें ऐकतांच तें पुढें सरसावतें.

शेवटीं आईबापांसाठीं दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी कृतिशाळेंत जाऊं लागली, तर भिऊन अडवूं नका आणि निश्चिंत होऊन सोडूंहि नका. महाविद्यालयांत किंवा शाळेंत जाऊन पांच प्रश्न विनयानें विचारा. यंत्राला हात लावण्यापूर्वीं मुलांना कोण व काय शिकवितें? कोणत्या मुलास कोणतें यंत्र चालविण्याचा अधिकार आहे, याची नोंद कोठें आहे? काम चालू असतांना खोलींत जाणतें माणूस कोण असतें? चष्मे व बूट सर्वांना पुरतील इतके आहेत काय? आणि विजेच्या गळतीबरोबर प्रवाह तोडणारें साधन बसविलें आहे काय? आपल्या घरांत वीज २३० व्होल्टची असते, आणि असें साधन ३० मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीलाहि प्रवाह तोडतें. तें घरींहि असावें. या पांच प्रश्नांचीं उत्तरें जेथें चटकन मिळतील, तेथें मुलाला निःशंकपणें पाठवा. जेथें मिळणार नाहींत, तेथें तक्रारीचा सूर न लावतां तीं मिळेपर्यंत पुन्हां पुन्हां विचारा. पालकांच्या विचारण्यानें पुष्कळ गोष्टी मार्गी लागतात.

शिक्षकबंधूंनाहि माझी एक विनंति आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. लेझरयंत्राचें शास्त्र मजपेक्षां आजच्या मुलांना अधिक येतें. परंतु हें यंत्र कोणाच्या हातीं, केव्हां व किती द्यावें, हा प्रश्न शास्त्राहून अधिक शिक्षकाच्या विवेकाचा आहे. आपल्या शाळेंत आलेली यंत्रें कपाटांत ठेवूं नका. एक वही घाला, पहिल्या पानावर पहिली पायरी लिहा, आणि पहिलीं दहा मुलें निवडून त्यांना ती चढवा. त्यांतलींच दोघें पुढच्या दहांना शिकवितील. वर्षअखेरीस यंत्रें झिजलेलीं असावींत, वही भरलेली असावी, आणि मुलांचीं दहाहि बोटें शाबूत असावींत.